जाऊबाई, तुमचा धनेश झिंगला होता

प्रिय जाऊबाई,

आधी कबुली देते, मग बाकीचं. आपल्या बागेतल्या भिकूदादाच्या पोटात काही राहत नाही. तो तुमच्या फोटोसमोर सगळं ओकून मोकळा होण्याआधी माझ्याच तोंडून ऐका. तुमच्या वर्षश्राद्धाला मी तुमच्या पाखरांना दारू पाजली.

थांबा, लगेच कपाळाला हात लावू नका! प्रकरण आज सकाळी निकालात निघालं, म्हणून तर लिहायचं धाडस झालं.

आनंदनगरची लॅबमधली नोकरी सोडून मी आपल्या जांभळांची वाइन करायची म्हटलं, तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. मग अटी घातल्यात. बाटली देवघरासमोरून न्यायची नाही, बागेत औषध मारायचं नाही आणि प्रत्येक झाडाचा शेंडा पाखरांना सोडायचा. शेंड्याचीच जांभळं सगळ्यात गोड असतात हो! किती भांडले मी त्यावरून. "अगं शैला, ती आधीपासून राहतात इथं, आपण मागून आलो," एवढंच म्हणायचात आणि भाजी निवडायला बसायचात. अस्सा राग यायचा!

विहिरीजवळच्या म्हाताऱ्या जांभळाचं तर नावही काढायची सोय नव्हती. अर्धं वाळलेलं झाड, मला तिथं टँकची नवी शेड हवी होती. पण त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी यायची. मादी आत बसून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून भरवतो, हे मला तुम्हीच दाखवलंत. चिखलोलीकडच्या बिल्डिंगी सरकत सरकत कुळगावला यायला लागल्या तेव्हा म्हणाला होतात, "त्यांची सोसायटी ही एवढीच, ती पाडू नकोस."

तुम्ही गेल्यावर महिन्याच्या आत मी भिकूदादाला विचारलं होतं, हे झाड तोडायला किती दिवस लागतील. हो, विचारलं. तो दोन दिवस माझ्याकडे बघेना, मग मीच विषय सोडला.

तर श्राद्धाचा दिवस. पान वाढलं, कावळा शिवला, सगळं रीतसर झालं. पण माझं मन भरेना. वाटलं, जाऊबाईंना एकट्या कावळ्याचं काय कौतुक? त्यांचा जीव सगळ्याच पाखरांत. त्याच सकाळी पहिल्या टँकमधला चोथा काढला होता, जांभळाची सालं आणि गर. दोन घमेली भरून म्हाताऱ्या झाडाखाली पसरला आणि हात जोडून म्हटलं, जेवा पोटभर. त्या चोथ्यात वाइन मुरलेली असते, हे अर्धं आयुष्य लॅबमध्ये घालवलेल्या बाईच्या डोक्यात येऊ नये?

तासाभरात बुलबुल गवतात लोळायला लागले. एक साळुंकी तर चालता चालता तीनदा पडली. मला हसू आवरेना. थेंबही न चाखलेल्या बाईच्या नावानं केवढी पार्टी! तेवढ्यात भिकूदादा ओरडला, "वैनी, हसता काय? तो बगा, नर!"

धनेश जुन्या शेडच्या पत्र्यावर मान टाकून बसला होता. उडायला गेला आणि घसरून खाली आला. तिकडे ढोलीच्या फटीतून मादीची चोच बाहेर यायची आणि रिकामीच आत जायची. आत पिल्लू चिरकत होतं. हा मेला तर ती दोघं आत उपाशी मरणार.

आम्ही चोथ्याचा कण न् कण गोळा केला. भिकूदादा काठी घेऊन मांजरांना हाकलत बसला. मी धनेशापुढं पाणी ठेवलं आणि लांब बसून तुमच्याशी भांडले. कशाला शिकवलंत हे सगळं? मला काही माहीतच नसतं तर बरं झालं असतं ना! जाऊबाई, तेव्हा तुमची फार आठवण आली.

उन्हं कलली तसा तो पाणी प्यायला, पंख झाडले आणि उडाला. वडाची फळं घेऊन आला आणि एकेक करून फटीतून आत दिली. मी पदर तोंडाला लावून रडले. भिकूदादा म्हणाला, "चला, सुटला. आता बायको काय बोलल ते त्याचं तो बगल."

पुढं मादी लिंपण फोडून बाहेर आली, आणि आज सकाळी पिल्लू. ढोलीच्या काठावर बसलं, घाबरून आत गेलं, परत आलं. आईबाप समोरच्या फांदीवरून ओरडून ओरडून बोलावत होते. आणि उडालं हो! वेडंवाकडं, पण उडालं. मी मागं वळून जोरात हाक मारली, "जाऊबाई, लवकर या!"

मागं भिकूदादा उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

आता वचन देते. चोथा यापुढं झाकणाच्या खड्ड्यात कुजेल. नवी शेड विहिरीपलीकडे होईल. मी आहे तोवर त्या झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. पण पुढच्या वर्षी पिल्लू उडालं की मी पुन्हा हाक मारणार. तुम्ही गेलात, हे नेमकं त्या वेळी माझ्या लक्षातच राहत नाही, त्याला मी काय करू?

तुमची भांडकुदळ धाकटी जाऊ,
शैला