मी ओढलेली नाही

३ फेब्रुवारी १९९९, कसबा बावडा
आज खोली मिळाली. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत स्टोअर सांभाळायची नोकरी, आणि तिथून सायकलीच्या अंतरावर ही माडीवरची खोली. कागलहून रोजची एसटीची ओढाताण संपली. मालकीण बनाबाईंनी सामान टेकवायच्या आधीच हातात चहा दिला आणि खिडकी उघडली. पलीकडे गुऱ्हाळ. काहिलीतल्या उकळत्या रसाचा असा वास आला की कप खाली ठेवून नुसता हुंगत बसलो. दसऱ्याला सिगारेट सोडल्यापासून नाक माघारी आलंय. सोडली ती अक्षतासाठी. पोरीला दमा. बायकोनं, दीप्तीनं, तोंडावर सांगितलं होतं, घरात एक तर धूर राहील, नाही तर आम्ही. आता खोली लावून दोघींना इकडंच आणायचं.

९ फेब्रुवारी
फाउंड्रीत जळक्या वाळूचा वास नाकात बसतो, पण त्यातूनही सिगारेट मला वेगळी कळते. फोरमन सयाजी शेडमागं ओढत होता. पूर्वी मीच हात पुढं केला असता. आज चारचौघांत त्याला झापलं. त्याची फुप्फुसं काढली, पोरंबाळं काढली. तो हसला. "सोडल्याली माणसंच लई बोंबलत्यात, पावणं." राग आला. पण परत फिरताना मीच एक श्वास लांब घेतला, हे त्याला दिसलं नाही.

१५ फेब्रुवारी
खोलीत धुराचा वास येतोय. ताज्या. बनाबाई म्हणतात, या घरात कधी बिडीसुद्धा पेटलेली नाही. चादरी धुतल्या, भिंतींना चुना मारला. चुना वाळायच्या आत पुन्हा तोच वास. मी ओढायचो तीच सिगारेट.

१९ फेब्रुवारी
वास खोलीचा नाही. पंचगंगेच्या पुलावर वारा समोरून होता, तरी मागून आला, मानेजवळून. कामावर सयाजीनं डोळा मारला, "झाली व्हय सुरू?" मी शपथ घेतली. तो म्हणाला, "मला कशाला शपथा? मी काय तुमची बायको हाय?"

२१ फेब्रुवारी
दीप्ती अक्षताला घेऊन आली. पोर धावत येऊन मांडीवर बसली, शाळेतली कविता म्हणायला लागली. दोन ओळींतच तिची छाती वाजू लागली. दीप्तीनं तिला हिसकून घेतलं आणि माझं तोंड हुंगलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी ओढलेली नाही. त्यावर दीप्तीनं जसं बघितलं, तसं कुणी कुत्र्याकडंही बघू नये. दवाखान्यात मला दाराबाहेर उभं केलं. अक्षता सावरली. दोघी कागलला परत गेल्या.
चोरून ओढत होतो तेव्हा माझ्या प्रत्येक शपथेवर हिचा विश्वास बसायचा.

२४ फेब्रुवारी
भर दुपारी आरशासमोर श्वास सोडला. धूर आला. बारीक, निळसर. थंडी नव्हती, ऊन होतं. पुन्हा सोडला — पुन्हा आला. अक्षताला तपासलं त्याच डॉक्टरांकडं गेलो. छाती साफ आहे म्हणाले. मग खोकत उठले आणि खिडकी उघडली.

२६ फेब्रुवारी
श्वास मी घेतो. सोडतो दुसराच कुणीतरी — सावकाश, चवीनं. आणि मला — लिहायची लाज वाटते — मला बरं वाटतं.

२७ फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. दार लावलंय. दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्यात. बनाबाईंना ओरडून सांगितलं, कुणाला वर पाठवू नका. त्या जिन्यात खोकत होत्या —

२८ फेब्रुवारी
दीप्ती आलीय. दाराबाहेर रडतेय. डॉक्टर भेटले म्हणते. तुमची छाती साफ आहे, माझंच चुकलं, दार उघडा —
आत्ता विश्वास बसला हिचा. आत्ता.
खोलीत समोरची भिंत दिसत नाही. श्वास धरलाय.
अक्षताही आलीय. खाली वाकलीय. पप्पा, ओ द्या की, म्हणतेय. चिंध्या हलतायत — ती ओढतेय —
लांब हो म्हणायचं, तर तोंड उघडावं लागेल —
पोरी, नको —
एक चिंधी निघा