पहिल्या दिवसाचा फोटो

आई,

यंत्र फुकट मिळालं. इंटरनेटवरून उतरवून घेतलं, कुणाला दमडी द्यावी लागली नाही. खर्च आला तो वेगळाच. दिवाळी ऑफिसात गेली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि त्यानंतर वर्षभर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं सोडून दिलं. हा शेवटचा खर्च मला फार उशिरा कळला, तेच सांगायला बसलोय. डोळे अधू झाले तरी कान मात्र अजून तिखट आहेत हं. गल्लीत दारादारात बायका बिडीची पानं कापत बसायच्या, तेव्हा मी डोळे मिटून सांगायचो, ही आमच्या आईची कात्री. आजही ऑफिसातल्या पोरांना ऐटीत सांगतो, आईचा आवाज हजार बायकांत ओळखीन.

तू गेलीस तेव्हा गल्लीत फोनसुद्धा एकच होता, किराणा दुकानात. म्हणून सोपं करून सांगतो. होटगी रोडला टायरच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. सहा पोरं-पोरी, सगळी आपल्याच जिल्ह्यातली. फोनवर उघडणारी दुकानं नीट दिसतात की नाही, ते आम्ही तपासतो. दुकानवाले रोज काहीतरी बदलतात, एक पाटी वर घेतली की दुसरी कुठेतरी खाली घसरते. माणसाने किती बघायचं? म्हणून हे फुकटचं यंत्र, म्हणजे कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम. तो स्वतःच ब्राउझर उघडतो, प्रत्येक पानाचा मोठ्या-छोट्या पडद्यावर फोटो काढतो आणि आधी मंजूर केलेल्या फोटोशी ताडून बघतो. फरक दिसेल तिथे लाल डाग, नाहीतर हिरवी टिक. सुरुवातीला तर गुलाल उधळल्यासारखा सगळा पडदा लाल. तेच अक्षर माझ्या कॉम्प्युटरवर जाड, सर्व्हरवर बारीक, आणि यंत्राला तेवढंही खपेना. मग त्याला सांगितलं, बाबा, केसभर फरक सोडून दे. दुकानात मुद्दाम काही बदललं की नवा फोटो मंजूर, जुना बाद. मंजुरीचं बटण माझ्याकडे.

आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक पुण्याच्या एक मॅडम. घरगुती सामान विकतात. एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता, आणि असला शांत आवाज मला लगेच कळतो. "छोट्या फोनवरून ऑर्डरी जवळजवळ बंद झाल्यात. तुम्हाला काही दिसलं नाही?" मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे तर सगळं हिरवं आहे." "मग दुपारच्या गाडीने येते, तुमचं हिरवं बघायला. नवा करार बरोबर आणते. सही करायची की फाडायचा, तिथेच ठरवू." फोन ठेवला तेव्हा सहाही जणं माझ्या तोंडाकडे बघत होती. हे काम गेलं तर निम्म्या पोरांना बॅगा भरून पुण्याला जावं लागणार, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

तपासण्या पुन्हा लावल्या. हिरवं. ब्राउझर बदलला. हिरवं. माढ्याची एक पोरगी आहे, हे सगळं तीच चालवते. तिने छोट्या फोनचा फोटो मोठा करून दाखवला. खाली ऑफरची पिवळी पट्टी, आणि तिच्या मागून 'ऑर्डर द्या' बटणाची नखाएवढी कड डोकावत होती. मी म्हटलं, "अगं, हे झाकलंय की!" ती म्हणाली, "सर, ते पहिल्यापासून तसंच हाय. कालच्याशी जुळवून बघा की." जुळवलं. तंतोतंत जुळलं.

आणि एकदम मी पुन्हा लहान होऊन बिडी कारखान्याच्या दारात उभा आहे, तुझा पदर धरून. शेजारणीच्या नव्या सुनेला तू आठवडाभर पान कापायचा पत्र्याचा नमुना दिलायस, आणि स्वतः दर वेळी आधी कापलेलं पान पुढच्या पानावर ठेवून कापलंयस. मऊ पानाची कड दर वेळी कात्रीत थोडी जाते. बिड्या तपासणारा चेकर टोपलीत हात घालतो आणि म्हणतो, "अक्का, ह्या सगळ्या छाट. बाद." तू तडकतेस, "का वो अण्णा? एकीत न् दुसरीत फरक दावा की!" तो वाद घालत नाही. खणातली त्याची मापाची बिडी काढतो, तुझ्या बिडीशेजारी ठेवतो. तुझी नखभर आखूड. परतताना मी म्हणतो, "सगळ्या सारख्याच व्हत्या की गं." तू न थांबता म्हणतेस, "सारख्या व्हत्या म्हनून तर कळलं न्हाय."

ऑफिसात मी ओरडलोच, "कालचा नको. पहिल्या दिवसाचा फोटो काढ." तो बाद केलेला, पण जुन्या नोंदींत सापडला. आजच्या फोटोशी ताडला, तर सगळा पडदा लालेलाल. पहिल्या फोटोत बटण भर मधोमध. दर बदलाला केसभर खाली, दर वेळी माझी मंजुरी.

मॅडम आल्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि सांगितलं, "मधल्या सगळ्या मंजुऱ्या माझ्या." त्यांनी दोन्ही फोटोंत बटणावर बोट ठेवून बघितलं. खाली टायरमध्ये हवा भरायचा पंप धडधडत होता, तो नेमका तेव्हाच थांबला. शेवटी म्हणाल्या, "पहिला फोटो जपून ठेवलात, हे बरं केलंत." मी मान हलवणार, तेवढ्यात माढ्याची पोरगी म्हणाली, "जपला न्हाय मॅडम. पुसायचा राहून गेला." मी डोळे मिटले. मग मॅडम नाकातून हसल्याचं ऐकू आलं. करार फाडला नाही. सही केली ती महिनाभर आमचं काम बघून. आता नियम केलाय, रोजचे फोटो बदलोत, पहिला कुणी हलवायचा नाही.

परवा ताईकडे हे सगळं रंगवून सांगत होतो. भाच्याने माझ्या मावशीच्या, तुझ्या बहिणीच्या, लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर घालून आणली होती, ती लावली. पंगतीमागून, चित्रात न दिसणारी एक बाई म्हणाली, "वाढा की वो तिकडं, पोरं बसल्यात." मी टुणकन उठलो. "थांबव! ही आई." ताई म्हणाली, "येड्या, ती धाकटी काकू. आई तिच्या आदी बोलली." पुन्हा लावलं. आधी एक घोगरा, घाईचा आवाज होता, "ताट सरकवा जरा." तो मी कुणा परक्या बाईचा समजून सोडून दिला होता.

हे पत्र जायचं कुठेच नाही. निदान मोठ्याने वाचावं म्हटलं, आणि बिड्यांपाशी येऊन अडलो. 'सारख्या व्हत्या म्हनून तर कळलं न्हाय' हे तुझं वाक्य मला अजूनही काकूच्याच आवाजात ऐकू येतं.