पहिलं धुणं

प्रिय गुंडी,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन असताना बाबाला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तू मावशीला म्हणशील, तेही मला इथे बसून ऐकू येतंय. पण फोनवर काय होतं, तू हं म्हणतेस, मी जेवलीस का विचारतो, तू पुन्हा हं म्हणतेस आणि मी फोन ठेवतो. गेले तीन आठवडे आपलं एवढंच बोलणं. कागदावर तुझं हं ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. मापं लिहून लिहून हात आकड्यांना सरावलाय.

आधी दुकानाची खबर. काजं करणाऱ्या काकू रोज सकाळी आल्या आल्या विचारतात, मालकीणबाई कधी येणार? मालक म्हणून मी समोर बसलेला असतो, पण ते त्यांच्या गावीच नाही. तुझ्या मशीनवर कापड टाकून ठेवलंय, परवा तेल घातलं. पुनर्वसन केंद्रातल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंचा फोन होता, नऊ शर्ट हवेत, त्यांतला एक फार जाड्या माणसाचा. मी बेतलेत, पण चुंबकाच्या पट्टीला हात लावला नाही. ते तुझं काम. केंद्रातल्या त्या आजोबांचा हात आता चमचा धरतो म्हणे, तेच ते, तुझ्या शर्टावर फिदा झालेले. तुला सांगायला सांगितलंय.

आता मुद्द्यावर येतो. काल मावशीचा फोन आला. शुक्रवारच्या मुलाखतीला जायचं नाही, तसं कळवून टाक, असं तू तिला सांगितलंस म्हणे. पाच विद्यापीठांत अर्ज केलेस. तिघांनी दारातूनच परत पाठवलं. त्याचं मला काही वाटलं नाही, चाळीस हजार पोरं अर्ज करतात आणि हजार घेतात, तिथे कोणाचा नंबर का लागला नाही हे देवालाही सांगता यायचं नाही. चौथं तुझ्या जिवाचं होतं, ते शेवटच्या पायरीवरून गेलं. आणि आता हे पाचवं उरलंय, तर तू म्हणतेस की माझ्यात ते नाहीच, मी फक्त शिवणारी पोर आहे. हे फक्त शिवणारी मला जरा लागलं, पण ते राहू दे. लागलं त्याहून जास्त हे की तू ते मनापासून म्हणतेस. सतराव्या वर्षी माणसाने स्वतःबद्दल एक चुकीची गोष्ट खरी मानली की ती सत्तर वर्षं पुरते. म्हणून मला आज काही मागचं लिहायचंय. मध्येच कागद फेकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्या आईचा उजवा हात अर्धांगाने गेला तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. तिचं नशीब बघ, डावखुरी असल्याची तिला आयुष्यभर बोलणी बसली आणि शेवटी तोच हात कामाला आला. जेवायची, लिहायची, माझ्यावर चमचा उगारायची, सगळं डाव्या हाताने. फक्त बटणं तिला जमेनात. एका हाताने काजात बटण सरकवून बघ, मग कळेल. रोज सकाळी मी तिच्या शर्टाची बटणं लावायचो आणि ती खिडकीकडे बघत उभी राहायची. तीस वर्षं लोकांना बटणं लावून देणारी बाई होती ती, गुंडी. मी हसवायला काहीबाही बडबडायचो, आणि वरचं बटण लावून झालं की ती पुरे म्हणायची. तू दारात उभी राहून बघायचीस हे मला माहीत होतं.

मग तू जुन्या बाजारातून सहा जुन्या पर्सा आणल्यास आणि त्यांची चुंबकी बटणं उचकटून काढलीस. आठवतं? मी ओरडलो होतो, कात्री कापडाची आहे, पकड नव्हे. पण कल्पना तुझी होती, शंभर टक्के तुझी, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तू हे विसरशील. वरून खोटी बटणं, आतून चुंबकं, पट्टी नुसती जवळ नेली की टक्कन मिटणार. मी चाळीस वर्षं शिवतोय, मला कधी सुचलं नाही. माझी बायको रोज माझ्यासमोर मान फिरवून उभी राहत होती आणि मला शहाण्याला सुचलं नाही.

पहिला शर्ट मात्र, खरं सांगू का, ध्यान होता. वरच्या पट्टीतली चुंबकं आणि खालच्या पट्टीतली चुंबकं अर्ध्या बोटाने चुकलेली. शर्ट मिटायचा, पण छातीवर हा एवढा झोळ. आईने घालून आरशात बघितलं आणि म्हणाली, बरी दिसतेय, पोटात काहीतरी लपवून पळाल्यासारखी. तू हसली नाहीस. शर्ट कोपऱ्यात फेकून तू जेवायची थांबलीस. तेव्हा ती तुला म्हणाली, कोरं कापड आहे, एकदा पाण्यातून निघू दे, आपोआप बसेल. चार दिवसांनी शर्ट धुऊन, इस्त्री होऊन आला आणि काय बसला होता! एक सुरकुती नाही. तू नाचलीस. तिने तुझ्यासमोर एका हाताने शर्ट काढला, घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला, आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना.

तिथून तू मागे बघितलं नाहीस. त्या बसलेल्या शर्टावरून मापं घेऊन दुसरा, तिसरा. शाळा सुटली की केंद्रात जाऊन बसायचीस, कोणाचा हात किती वर जातो ते वहीत लिहायचीस. कोणाला कॉलर उघडी हवी, कोणाला सलाईनसाठी बाही फाकायला हवी. पंधराव्या वर्षी तू दोन बायांना कामाला ठेवलंस आणि मला म्हणालीस, बाबा, तुम्ही हवं तर आमच्याकडे बेतायला या. प्रत्येक शर्टाच्या आत चिठ्ठी शिवायचीस, पहिल्या धुण्यानंतर पट्टी नीट बसते. आणि तेवढ्यावर भागलं नाही. गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून एकूण एक शर्ट स्वतः धुऊन, वाळवून मगच द्यायचीस. तीन वर्षं गच्चीवरची दोरी रिकामी दिसली नाही. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरी किती माणसं राहतात हो?

अर्जाचा निबंधही त्याच्यावरच लिहिलास. पहिलं धुणं, असं नाव दिलंस. इंग्रजी मला कळत नाही म्हणून तू एकेक वाक्य मराठीत करून सांगितलंस, मी सुईत दोरा ओवत ऐकत होतो. घाई केली तर झोळ पडतो, धीर धरला तर कापड आपली जागा स्वतः शोधतं, हे मी त्या शर्टाकडून शिकले, असं काहीसं होतं शेवटी. तू विचारलंस, कसं वाटलं? मी म्हटलं, झकास. आणि दोरा तीनदा हुकला.

कारण कापड स्वतः काही शोधत नाही, गुंडी. चुंबकं चारी बाजूंनी शिवलेली होती, पाण्याने ती कशी सरकतील? तो शर्ट तुझ्या आईने उसवला. तू शाळेत गेलीस की ती पलंगावर बसायची, कापडाची एक कड जड इस्त्रीखाली दाबायची आणि डाव्या हाताने एकेक टाका काढायची. साही चुंबकं तिने हलवली आणि हाताने पुन्हा शिवली. तीन दिवस लागले. मला तिने सांगितलं नव्हतं. इस्त्री करताना मी शर्ट उलटा केला आणि हात थांबला. डावखुऱ्या माणसाची तुरपाई उलट्या बाजूला कललेली असते, आणि आपल्या घरात तसा हात एकच. मी वर बघितलं तर ती तोंडावर बोट ठेवून उभी. पोरीचा हात चाललाय, चालू दे, म्हणाली. तिला कळलं तर ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघेल, मला ते नको आहे, असंही म्हणाली. मी शब्द दिला. ती असताना पाळला. ती गेल्यावरही दहा महिने पाळला.

हे वाचून तुला वाटेल, म्हणजे माझं काहीच नव्हतं. मूर्खासारखं बोलू नकोस. एका शर्टावर तिचा हात आहे. दोनशे बारा शर्टांवर तुझा आहे, त्यांतले निम्मे तर तिला जमलेही नसते. कोणत्या शिंप्याचा पहिला शर्ट कोणी तरी न सांगता दुरुस्त केलेला नसतो? माझा माझ्या बापाने केला होता, फक्त त्याने तो साऱ्या गल्लीला सांगितला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. चौथ्या विद्यापीठाच्या बाई मुलाखतीला घरी आल्या होत्या तो दिवस. तुझ्याशी तासभर बोलून झाल्यावर त्यांनी तुला केंद्राची वही आणायला दुकानात पाठवलं आणि माझ्यापाशी बसल्या. त्या आधी कापड गिरणीत इंजिनियर होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पहिला शर्ट उचलला आणि आधी उलटा केला. कापड जाणणारा माणूस असंच करतो. मला म्हणाल्या, कापड आटलं तर दोन्ही पट्ट्या सारख्याच आटतील, मग बसलं कसं? मी म्हणू शकत होतो की आपल्याला काही कल्पना नाही बुवा. जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी त्या तुरपाईवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हे ज्याने शिवलंय त्याचा हात फार स्वच्छ आहे. दहा महिन्यांत तिच्याबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता, गुंडी. सगळे सुटली बिचारी एवढंच म्हणायचे. माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं, इस्त्री, तीन दिवस, तोंडावरचं बोट, सगळं, रडत रडत, आणि त्या लिहून घेत होत्या. त्या पाव तासात मी तुझा बाप नव्हतो, नुसता तिचा नवरा होतो. तू वही घेऊन आलीस, माझे डोळे बघितलेस आणि मी म्हणालो, धूळ गेली. पंधरा दिवसांनी नकार आला, त्यात ओळ होती की कामाचं श्रेय नेमकं कोणाचं हे स्पष्ट होत नाही. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, बाबा, मला नीट बोलताच आलं नाही, मीच कमी पडले. आणि मी हलकटाने काय केलं? तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जाऊ दे म्हणालो. त्यांना सांगितलं याची लाज मला एकदा वाटते, तर त्या ‘जाऊ दे’ची दहा वेळा. तू कमी पडली नव्हतीस. एक शब्दही चुकली नव्हतीस. ते सगळं माझ्या तोंडाने केलं. शुक्रवारी काय सांगायचं, आईचं नाव घ्यायचं की नाही, ते तू ठरव, मी या वेळी तिकडे फिरकणारही नाही. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस, मी निमूट सोसेन. पण शुक्रवारी जा. रागाने जा, पण जा.

तुझी माफी मागायची हिंमत न झालेला,
तुझाच
बाबा