उजवीकडं पडलेलं फूल

मी, सावळेराम राघू करगळ, वय वर्षे शहात्तर, धंदा मेंढपाळी व शेती, राहणार आळे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. नजर अधू झाली असली तरी डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. माझ्यामागे मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी, ते स्वखुशीने लिहून ठेवतो.

कलम १. राहतं घर व विहिरीलगतचं तीस गुंठे रान मुलगा गोकुळ आणि मुलगी पुष्पा यांना निम्मं निम्मं. पुष्पा हक्कसोड करून देते म्हणते. तिनं तसं करू नये. ही रीत तिला आत्यांनी शिकवली, मी नाही.

कलम २. मेंढरं अकराच उरलीत, ती चुलतभाऊ दादाभाऊला द्यावीत. लोकर कातरायची कात्रीही त्यालाच. नाहीतरी तीस वर्षं त्याच्याकडेच आहे. मागितली की म्हणतो, "कवाच माघारी दिली व्हती की राव!" लबाड!

कलम ३. माळावरचं बिरोबाचं ठाणं व भोवतीची पाच गुंठे जागा गोकुळला. इथं मी एक्कावन्न वर्षं लोकांना कौल लावून दिला. ओलं फूल देवाच्या दगडाला चिकटवायचं. उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. गोकुळला तिथं सिमेंटचं देऊळ बांधायचंय. लहानपणी आपल्याला देवानं वाचवलं, असं तो मानतो. म्हणून खरं काय ते लिहितो.

१९८५ सालच्या कार्तिकात त्याला तापात झटके येऊ लागले. तीन वर्षांचा होता. दवाखान्यात न्यावं का, म्हणून मी फूल लावलं. ते पडेपर्यंत जागचं हलायचं नाही, असा आमचा रिवाज. फूल काही पडेना. माझी बायको सारजाबाई म्हणाली, "तुमी बसा फुलापाशी. मी निघाले." पोराला घोंगडीत गुंडाळून आळेफाट्यापर्यंत चालत गेली, पुढं दुधाच्या गाडीनं नारायणगावला. लाजेनं मी तिच्यामागं गेलोही नाही. चौथ्या दिवशी हसतं पोर घेऊन आली, तेव्हा फूल दगडालाच वाळलेलं. तिनं ते बोटानं उजवीकडं उडवलं आणि गावाला सांगितलं, "देवानं उजवा दिला." माझी अब्रू राखली बाईनं.

त्यानंतर कौल मागायला आलेल्याला मी आधी विचारायचो, तुला स्वतःला काय वाटतं? सारजा तीन दगडांवर चहा ठेवायची. माणूस बोलायचा, कधी रडायचा, आणि बहुतेकदा फुलाला हात न लावताच वाटेला लागायचा. सारजा माझ्याकडं बघून हसायची. ती गेल्यापासून ते दिवस लई आठवतात. देवावर माझा राग नाही. पण वाट माणसानंच शोधावी लागते.

कलम ४. ती घोंगडी पत्र्याच्या पेटीत आहे. ती गोकुळनं घ्यावी.

गोकुळ, देऊळ बांध किंवा बांधू नकोस, जागा तुझी आहे. फक्त फूल लावून ठरवू नकोस. हे तुला तोंडावर सांगायचं धाडस मला चाळीस वर्षं झालं नाही. तेव्हा फुलापाशी बसलो, तसाच इथंही बसून राहिलो. आज उठलो.

ठिकाण : आळे
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : सावळेराम राघू करगळ (सही)

आमच्यासमक्ष वाचून दाखवलं व सही केली, म्हणून साक्षीदार :
१. सोपान ज्ञानेश्वर डुंबरे (सही)
२. साळुबाई सुदर्शन कुऱ्हाडे (डाव्या हाताचा अंगठा)