रविवारची शर्यत

खापा
१७ नोव्हेंबर २०२४

आयु. माया हिला,
प्रेमिलाताईचा सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाही, आणि उचललाच तर हो ताई, जेवली ताई, एवढंच बोलते. म्हणून कागद घेतला. लिहायले बसली तर पहिले तुझ्या नावापाशीच हात अडला. इतकी वर्षं पत्रिकेवर, पाकिटावर मी तुले सौ. लिहीत आली. मग ध्यानात आलं, आपल्यात आयुष्मती लिहितात. बरं आहे. त्या शब्दात नवरा आहे का गेला, हे कोणी विचारत नाही.

इकडे कापूस वेचणी चालू आहे, बाया भेटत नाहीत. जितेंद्र स्वतः ओळीत उतरला आणि पाठ धरून बसला. तीस वर्षांचा माझा पोरगा, तेल लावायले मायच पाहिजे.

आता मुद्द्याचं. गावात लोक म्हणतात, अंकुश तलावात बुडाला. मी सांगते, माझा भाऊ बुडाला नाही, त्याले अटॅक आला. तर विचारतात, मग नावेत काय करून राहिला होता? बुटीबोरीच्या कारखान्यात आठवडाभर मशिनी दुरुस्त करायच्या आणि रविवारी झोपायचं सोडून शिडाच्या नावांची शर्यत लावायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाले हे काहून सुचावं, मले कधी समजलं नाही. त्या दिवशी तू त्याच्यासोबत नावेत होती. काय झालं ते तू मले सांगितलं नाही. तुझ्या पोरीलेही सांगितलं नाही. नूपुरचा पुण्याहून फोन आला होता. आई रडत नाही म्हणून तीच रडत होती.

ती नाव तेवढी जाळून टाक. आणि थोडे दिवस इकडे ये. तुझी अर्धी कच्ची, अर्धी जळलेली भाकर खाऊन लय दिवस झाले.

माझा जीव आहे तुझ्यात, एवढं ध्यानात ठेव.
तुझी,
प्रेमिलाताई


सक्करदरा, नागपूर
२९ नोव्हेंबर २०२४

ती. प्रेमिलाताई यांना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण काही नाही. ड्यूटीवर जाते. सलाइन लावते, चार्ट भरते, हात चुकत नाहीत. वॉर्डातल्या पोरी माझ्यासमोर हळू आवाजात बोलतात. वरच्या मजल्यावरच्या सिंधूताई डबा ठेवून जातात. संध्याकाळी तो रिकामा असतो, म्हणजे मीच खाल्ला असणार. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही ना, तशी मी सगळीच झाले आहे. लोकांना वाटतं मी आतून कोसळले आहे. आत जाऊन बघते, तर तिथेही काही नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

क्लब म्हणजे काही मोठं नव्हतं, ताई. शहराबाहेर सावंगीच्या तलावावर रविवारी जमणारी माणसं. रेल्वेतून रिटायर झालेले चंपतराव प्लायवूडच्या नावा बनवतात. ओमप्रकाशचा मंडपाचा धंदा, त्याच्याकडच्या कापडाची शिडं. थाळी वाजली की निघायचं, लांबवर तरंगणाऱ्या निळ्या ड्रमला वळसा घालून परत यायचं. जो शेवटी येईल त्याने सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. आमच्याकडूनच जास्त वेळा खाल्ले लोकांनी. यांना त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, आठवडाभर मशीन माझं ऐकते, एक दिवस मी वाऱ्याचं ऐकतो.

हे मागे सुकाणूवर आणि मी पुढच्या शिडाची दोरी धरून, असं आम्ही बसायचो. त्या दिवशी वारा कमी होता. ड्रमच्या अलीकडे नावेचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळलं आणि शिडं फडफडायला लागली. मी मागे न बघता म्हटलं, झोप लागली का? मग वळले. हे बसल्या जागीच कलले होते. नाडी बघितली, नव्हती. छाती दाबायला घेतली, तर प्रत्येक दाबाला नाव झुके आणि पाणी आत येई. हाका मारल्या, पण बाकीच्या नावा फार पुढे गेल्या होत्या. मग यांना तळाशी नीट टेकवलं, यांच्या जागेवर बसले आणि सुकाणू धरलं. त्याआधी कधी धरलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं. नाव काठाला आणली. दोरी खुंट्याला बांधली, गाठही बरोबर मारली. चंपतरावांना म्हटलं, गाडी काढा.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, जमिनीवर असते तरी काही करता आलं नसतं.

सगळे म्हणतात, माया धीराची. धीर नव्हता, ताई. काहीच नव्हतं. ते काहीच नसणं अजून गेलेलं नाही.

नाव जाळायची कशाला? काठावर पालथी पडली आहे. जानेवारीत मोठी शर्यत असते. चंपतरावांनी विचारलं, नावेचं काय करायचं. म्हटलं, हवी त्याला द्या.

तुमची,
माया


खापा
८ डिसेंबर २०२४

आयु. माया हिला, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं. जितेंद्रले वाचायले दिलं तर तो गोठ्यात जाऊन बसला.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. इतके दिवस सांगितलं काहून नाही म्हणून. पण आता नाही रागवत. मेलेल्या नवऱ्याले नावेत घेऊन तू एकटी तलाव पार करून आली, आणि मी तुले भाकरीवरून चिडवून राहिली.

लहानपणी मी कन्हान नदीवर धुणं धुवायले गेली की अंकुश सोबत यायचा. मी एका हातानं कपडे आपटायची, दुसऱ्या हातानं त्याचा सदरा धरून ठेवायची. मले पाण्याचं भेव. त्याले नव्हतं.

माया, मले ती जागा पाहायची आहे, जिथं तो गेला. तिथं फुलं वाहायची आहेत. नाव कोणाले देऊ नको. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी येते म्हणजे येते. चंपतरावले सांगून ठेव, जड बाई येऊन राहिली, नाव मजबूत करा.

माझं ऐकशील अशी आशा करते. नाही ऐकलं तरी येणारच.
प्रेमिलाताई


खापा
२१ जानेवारी २०२५

चि. नूपुर,
आत्याचा भरभरून आशीर्वाद.

तुझ्या आईनं तुले फोनवर शर्यत झाली, एवढंच सांगितलं असेल. म्हणून बाकीचं मी लिहिते. आत्या परवा शर्यतीत उतरली होती. हासू नको.

चंपतरावांनी मले नारंगी जॅकेट चढवलं आणि पोत्याचं तोंड शिवावं तसं आवळलं. सुकाणूवर तुझी आई. मले पुढच्या शिडाची दोरी दिली. ओढा म्हटलं की ओढायची, सोडा म्हटलं की सोडायची. थाळी वाजली आणि नाव हालली, तशी मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा काठावरची माणसं बोटाएवढी दिसत होती.

मी म्हटलं, आता जागा दाखव. तिनं काठावरचं बाभळीचं झाड पाहिलं, पंपघर पाहिलं. नाव जराशी इकडे नेली, जराशी तिकडे नेली. मग म्हणाली, ताई, सापडत नाही. पाण्यावर खूण कुठे राहते? किल्ली सापडत नाही म्हणावं, अशा आवाजात म्हणाली. माझ्या ओटीत शेवंतीची फुलं, ती वाहायले जागाच नाही. तिथं मले रडू फुटलं, बाई. तुझा बाप गेला त्या दिवशीही घरात पाहुण्यांचा चहा पाहत होती मी. ते सगळं त्या तलावात निघालं.

रडता रडता पाहते तर काय, सगळ्या नावा थांबलेल्या. शिडं ढिली सोडून सारे आमच्याकडे पाहून राहिले. मले असा राग आला! उभी होणार होती, तुझ्या आईनं पदर धरून खाली बसवलं. बसल्या बसल्याच ओरडली, काहून थांबले गा? माझ्या भावानं शर्यत सोडली नाही, तुम्ही काहून सोडता? चला, निघा!

कोणी हालेना. मग ओमप्रकाशनं शीड ओढलं, त्याच्यामागे बाकीचे निघाले. तुझी आई मले म्हणाली, ताई, फुलं सोडा, आता वळायचं आहे, त्या बाजूला सरका. जिथं होतो तिथंच मी फुलं सोडली आणि रडत रडत सरकली. ती ओढा म्हणाली, मी ओढलं.

आम्ही शेवटी आलो. पोहे आमच्यावर बसले. तर्री अशी तिखट की माझं नाक वाहायले लागलं, आता रडून राहिली का खाऊन, कोणाले समजेना. तुझ्या आईनं प्लेट संपवली आणि स्वतःच्या तोंडानं दुसरी मागितली. मी दुसरीकडे पाहिलं. कोणी पाहत आहे म्हटलं की माणूस घास खाली ठेवतो.

ती रडली नाही, पोरी. तू तिले रड म्हणू नको. रोज फोन कर, आणि काही सुचलं नाही तर वारा कसा आहे ते विचार.

अभ्यास कर, वेळेवर जेव, आत्याले विसरू नको.
तुझी,
प्रेमिला आत्या


सक्करदरा, नागपूर
२९ जानेवारी २०२५

ती. प्रेमिलाताई यांना,
सविनय जयभीम. वि. वि.

नूपुर काल फोनवर विचारत होती, आई, वारा कसा आहे? हे तिचं डोकं नाही, ते मला लगेच कळलं.

परवाच्या रविवारी मी पुन्हा गेले. नाव मागायला कुणीतरी येणार होतं. चंपतरावांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, तो आला नाही. चंपतराव स्वतः पुढे बसले, मला शिकवायला म्हणून, आणि सगळा वेळ त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. वारा जोरात होता. मोठ्या शिडाची दोरी हातातून सरकली आणि तळहाताला मोठा फोड आला. काल ड्यूटीवर तो फुटला. त्याच हाताने स्पिरिटची बाटली घेतली आणि थेंब त्यावर सांडले.

ताई, असं झोंबलं! मी मोठ्यांदा ओरडले. वॉर्डातली पोरगी धावत आली, सिस्टर काय झालं, काय झालं म्हणून. हात नळाखाली धरला आणि उभी राहिले. किती तरी वेळ झोंबत होतं. मी नळ बंद केला, तरी झोंबत होतं.

चंपतरावांचे गुडघे काही खरे नाहीत. पुढच्या शिडाला माणूस हवा आहे. कापूस उरकला की या.

जीव लावता तसा लावत राहा.
तुमची,
माया