गाठ प्रयोगशाळेला, घर धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, अविवाहित, औषधांवर संशोधन करणारी, आज पूर्ण शुद्धीवर आणि पुरती वैतागलेली असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर भाषा जरा मऊ झाली असती. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि पुस्तके माझ्या धाकट्या बहिणीला. ती पुस्तके वाचणार नाही, ठाऊक आहे. रद्दीत घातली तरी चालतील. केमो घेऊन आले की ती माझे पाय चेपत बसते, नको म्हटले तरी. ऐकायची सवय तिला लहानपणापासून नाही.

२. प्रयोगशाळेतला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर माझा स्वतःचा आहे. अनुदान नाकारल्यावर मी तो पदरच्या पैशाने घेतला. आतला माल मात्र संस्थेचा. म्हणजे ज्यात माझा जीव अडकलाय ते मला कोणाला देता येत नाही, नुसता डबा देता येतो. तो माझ्या विद्यार्थिनीला. तिला विचारल्याशिवाय कोणीही प्लग काढू नये. विभागप्रमुखांना त्या कोपऱ्यात कॉफीचे मशीन हवे आहे.

३. आत आहे तरी काय, असे वकीलबाईंनी विचारले म्हणून लिहिते. या आजाराला दोन औषधे एकदम लागतात, ठरावीक प्रमाणात. सलाईनमधून दिली की एक लवकर संपते, दुसरे रेंगाळते, आणि गाठीपाशी पोचेपर्यंत प्रमाणाचे तीन तेरा वाजलेले असतात. आम्ही दोन्ही एकाच नॅनोकणात बंद केली. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी चरबीची पुडी म्हणा. उंदरांच्या गाठी आटल्या. मग काम अडले, कारण एक औषध एका कंपनीचे, दुसरे दुसरीचे, आणि दोघी एका टेबलाशी बसायला तयार नाहीत. विभागप्रमुख यावर वर्षानुवर्षे बैठका घेत राहिले. बिस्किटे उत्तम असायची.

४. विभागप्रमुखांना काहीही नाही. माझ्या शाईच्या पेनावर त्यांचा जुना डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीदार केले आहे.

५. धाकटीने एकदा विचारले, "ताई, तुझंच औषध तुला का देत नाहीत गं?"

मी सांगितले की माणसांवर चाचणी झालेली नाही, तसा नियम आहे आणि नियम बरोबर आहे. दुसऱ्या कोणी मागितले असते तर मीही नाहीच म्हटले असते. तिने मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. त्या दिवशी मला नियमाचा, कंपन्यांचा आणि त्या बिस्किटांचा भयंकर संताप आला. अजून येतो.

६. जिवंतपणी माझ्या पेशी माझ्याच प्रयोगात घेता येत नाहीत, असे संस्थेच्या नैतिकता समितीने कळवले. मेल्यावर ती अडचण उरत नाही. तेव्हा मी गेल्यावर लगेच गाठ काढून विद्यार्थिनीच्या हवाली करावी. तिने पेशी वाढवाव्यात आणि फ्रीझरमधले कण त्यांना द्यावेत. विभागप्रमुखांची लेखी परवानगी सोबत जोडली आहे. त्यांनी ती न वाचताच दिली असावी. बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळते. तरीही करावे.

उपयोग झाला नाही, तर धाकटीला लगेच सांगावे. हाताशी औषध असून ताई गेली, ही टोचणी तरी तिला राहणार नाही. उपयोग झाला, तर जगाला सांगावे, दोन्ही कंपन्यांना मोठ्याने सांगावे. तिला सांगू नये. हे कलम वाचण्याआधी वकीलबाईंनी तिला चहा टाकायला आत पाठवावे.

स्थळ: माझे राहते घर
दिनांक: पाच मे, सोमवार
सही: मृत्युपत्र करणारी

वरील सही आम्हा दोघांदेखत झाली.
साक्षीदार: (१) विभागप्रमुख (२) शेजारच्या दातांच्या डॉक्टर