चौकातली निळी रेघ

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचले. गुडघ्याला तेल लावता का? लावत नसणार, माहीत आहे.

दोन महिने तुमच्याकडे राहून आम्ही दोघी मैत्रिणी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून होतो, त्याला तुम्ही रिकामटेकडेपणा म्हणालात. पण चौकातून कोण कसं चालतं ते बघणं, हेच आमचं काम. बस पकडणारे तिरके धावतात, पिशव्यावाल्या बायका झाडाच्या सावलीकडे वळतात, पोरं कारंज्याला उगाच फेरी मारतात. त्या वाटा जशाच्या तशा फरशीवर रंगवल्या.

नगरपालिकेला चौकाभोवती कठडा घालायचाय. म्हणजे सगळ्यांनी बाहेरून वळसा मारायचा. त्याआधी समिती चौक बघायला येणार आहे. तोवर चित्र कसं दिसतंय ते कळवत राहा.

तुमची माया टपालानेही पोचते, ती धाडत जा.

तुमची
भिंगरी

२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चित्राची काळजी सोड. नव्यासारखं आहे. मात्र तू रंग वापरलास तो अगदीच पाणचट. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाची मुलगी तू, आणि असला रंग? निळी रेघ लगेच पुसट व्हायला लागली. मग एका पहाटे, चौक मोकळा असताना, सगळ्यावर वॉर्निशचे दोन हात मारले. कंबर धरली, पण आता रंग ढिम्म हलायचा नाही.

शिवाय संध्याकाळी मी तिथेच उभा असतो. जो पाय ठेवेल त्याला खडसावतो. फुलवालीलाही सोडलं नाही. आता लोक शहाण्यासारखे कडेकडेने जातात, आणि मीही.

माझ्या पाट्या दुकान बदललं की खरवडून टाकायचे. आपल्या घरातलं एक तरी काम टिकावं, एवढंच वाटतं.

लांबटांग मैत्रिणीला आशीर्वाद. जेवणाची हेळसांड नको.

तुझा
बाबा

२६ जानेवारी

बाबा, नमस्कार.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. लांबटांग हसत सुटली, मी रडले.

रंग मुद्दाम कच्चा घेतला होता. लोकांच्या पायांनी तो झिजायला हवा होता. झिजलेल्या जागा बघून समितीला कळलं असतं की या वाटा लोकांच्या आहेत, इथे कठडा नको. झिजणं हेच ते चित्र होतं! तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तो डबा तुम्ही मला उघडू दिला नसता, म्हणून बोलले नाही.

आणि निळी रेघ तुमची आहे. घरापासून वाचनालयापर्यंत. मधल्या खांबाशी तुम्ही गुडघा धरून थांबता, तिथे ती जाड केली. कठडा झाला तर एवढा वळसा तुम्हाला झेपणार आहे का? एवढा खटाटोप त्यासाठी, आणि तुम्ही कडेने जाता!

इतका राग आलाय की अक्षर बघा कसं आलंय. समिती मंगळवारी येतेय. हात जोडते, लोकांना मधून चालू द्या.

रागातही तुमचीच,
भिंगरी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, घेणार असलीस तर.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तडक चौकात गेलो. ज्याला त्याला म्हटलं, चला, मधून चला. कोणी ऐकेल तर शपथ. फुलवाली म्हणाली, काका, परवा ओरडलात, आज बोलावताय, तब्येत बरी आहे ना?

मंगळवारी समिती आली तेव्हा मधून जाणारा मी एकटा. आणि काय सांगू, चपला कधी काढून हातात घेतल्या, माझं मलाच कळलं नाही. रंगावर चपलेने पाय ठेवणं या जन्मी जमलेलं नाही. माझं बघून मागून दोघं-तिघं आले, त्यांनीही चपला काढल्या. साहेब गहिवरले. लोकांचा इतका जीव आहे म्हणाले, तर हे चित्र जपायलाच हवं. कठडा मंजूर. मी घसा फोडून सांगितलं की ते झिजायला हवं होतं. त्यावर ते म्हणाले, आजोबा, निश्चिंत असा, ओरखडासुद्धा उठू देणार नाही.

त्याच दिवशी खांब पुरायला सुरुवात झाली. मला राखणदार नेमलंय, फाटकाची किल्लीही माझ्याकडे द्यायची म्हणतात. म्हणजे निळ्या रेघेवरून आता मी एकट्यानेच जायचं. स्वतःचा असा संताप मला कधी आला नव्हता.

किल्ली घेतलेली नाही. वाचनालयात सगळ्यांबरोबर लांबून जातो. वाटेत गुडघा शिव्या देतो, त्या तुझ्याच समजून ऐकून घेतो.

बोलणं टाकू नकोस.

तुझा
बाबा